घटस्फोटानंतर मूल कोणाच्या रिटर्नवर? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

घटस्फोटानंतरचं पहिलं टॅक्स रिटर्न भरायला बसलं की समोर बहुतेक दोन कागद असतात. एक कोर्टाचा आदेश आणि दुसरं गेल्या वर्षीचं जॉइंट रिटर्न. मूल डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून कोणी दाखवायचं याचं उत्तर आपण या दोन कागदांत शोधतो आणि तिथेच चुकतो. चाइल्ड सपोर्ट कोण देतं, शाळेची फी कोण भरतं, कस्टडी कोणाला मिळाली असं कोर्टानं लिहिलंय, यावरून आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, हा प्रश्न सोडवत नाही. ते आधी एकच विचारतं: या वर्षात मूल किती रात्री कोणाच्या घरी झोपलं?

मी न्यू जर्सीत राहते. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, शनिवारी सकाळी, आमच्या गावच्या लायब्ररीत लोकांची रिटर्न मोफत भरून देते. व्हिटा नावाचा आयआरएसचाच कार्यक्रम आहे, परीक्षा देऊन त्यात स्वयंसेवक होता येतं. या कामाकडे मी वळले ते माझ्याच रिटर्नमुळे. घटस्फोटानंतर पहिल्या वर्षी मी ई-फाइल केलं आणि थोड्याच वेळात ते परत आलं: मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर वापरला गेला आहे. ज्या टॅक्सवाल्याकडे मी धावत गेले, तो म्हणाला, "यंदा सोडून द्या, पुढच्या वर्षी तुम्ही घ्या." मी सोडून दिलं. मुलगी त्या वर्षी अडीचशेहून जास्त रात्री माझ्याकडे होती, तिचा क्लेम माझाच होता, आणि तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरून तो परत मागता येतो हेसुद्धा मला कोणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

आपल्या लोकांचा गोंधळ का होतो तेही मला समजतं. भारतात हा प्रकारच नाही. तिथे आयकराच्या जुन्या पद्धतीत ज्यानं ट्यूशन फी भरली, तो त्या रकमेची वजावट घेतो. आई आणि वडील दोघंही आपापल्या भरलेल्या रकमेवर घेऊ शकतात. त्यामुळे "जो खर्च करतो त्याचा हक्क" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे एका वर्षी एक मूल डिपेंडंट म्हणून एकाच रिटर्नवर जातं.

पायरी १: रात्री मोजा

वर्षभरात ज्याच्याकडे मूल जास्त रात्री राहिलं, तो आयआरएसच्या भाषेत कस्टोडियल पेरेंट. दुसरा नॉन-कस्टोडियल. कोर्टानं "जॉइंट कस्टडी" दिली असली तरी इथे ही मोजणी होतेच. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे विषम. त्यामुळे अगदी "अर्धं अर्धं" वाटून घेतलेल्या घरांतही एकाकडे १८३ आणि दुसऱ्याकडे १८२ रात्री येतात, आणि त्या एका रात्रीवर सगळं ठरतं. लीप वर्षात १८३-१८३ अशी बरोबरी होऊ शकते. तशी झाली तर ज्याचं अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटी जाऊन उरलेलं उत्पन्न) जास्त, तो कस्टोडियल धरला जातो.

माझ्या फ्रिजवर कालनिर्णय लटकलेलं असतं. एकादशी नि संकष्टी जिथे छापलेली असते त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं "आ" किंवा "बा" लिहिते. आईकडे झोपली की "आ", बाबाकडे झोपली की "बा". दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना लिहायचं, म्हणजे विसरत नाही. महिना संपला की पानाच्या खाली बेरीज आणि पानाचा फोटो. इतकं साधं आहे हे, पण एप्रिलमध्ये मागच्या मार्चच्या रात्री आठवून लिहिणं आणि रोजच्या रोज लिहिणं यात फार अंतर आहे. फोनवरचं कॅलेंडरही चालेल. एक मात्र कळकळीनं सांगते: मुलाला विचारून मोजू नका. "गेल्या महिन्यात बाबाकडे किती वेळा राहिलीस गं?" या प्रश्नामागे काय आहे ते सात वर्षांच्या मुलीलाही कळतं.

मोजताना पुढचे प्रश्न हमखास येतात.

सुट्टीत मूल सहा आठवडे पुण्याला आजी-आजोबांकडे गेलं, तर त्या रात्री कोणाच्या? मूल इथे असतं तर त्या रात्री ज्याच्याकडे झोपलं असतं, त्याच्या. म्हणजे तुमच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणेच मोजायचं. कॅम्प, मैत्रिणीकडचं स्लीपओव्हर, हॉस्पिटल, सगळ्याला हाच नियम. मात्र तुम्ही स्वतः मुलाला घेऊन भारतात गेलात, तर त्या रात्री तुमच्याच. मूल तुमच्या घरी झोपलं आणि तुम्ही ऑफिसच्या कामानं बाहेरगावी होतात, आजी सांभाळायला होती, तरीही रात्र तुमची.

३१ डिसेंबरची रात्र संपणाऱ्या वर्षात धरायची. वर्षाअखेरची सुट्टी वाटून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, १८२-१८३ च्या घरात ती एक रात्र निर्णायक असते.

रात्रपाळी करणाऱ्या पालकांसाठी वेगळा नियम आहे. हॉस्पिटलात नाइट शिफ्ट असल्यामुळे मूल रात्री तुमच्याकडे झोपत नसेल, पण दिवस जास्त तुमच्याकडे काढत असेल, तर रात्रींऐवजी दिवस मोजले जातात. आपल्याकडच्या कितीतरी नर्स आणि डॉक्टर आयांना हे ठाऊकच नसतं.

साधारण हिशोब कसा बसतो ते बघा. बाबाकडे एकाआड एक वीकेंड, शुक्रवार आणि शनिवारची रात्र: २६ वेळा दोन, म्हणजे ५२. शिवाय दर बुधवारची रात्र: आणखी ५२. झाल्या १०४. उन्हाळ्यात चार आठवडे सलग बाबाकडे असले तरी त्यातल्या काही रात्री आधीच मोजलेल्या आहेत, त्यामुळे आकडा सव्वाशेच्या आसपास राहतो. आई निर्विवाद कस्टोडियल. वाद होतात ते वेळापत्रक कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असतं तिथे. मोजायचं ते प्रत्यक्षातलं.

पायरी २: ३१ डिसेंबरला तुमची स्थिती काय होती

वर्षाच्या शेवटच्या दिवशी घटस्फोट अंतिम झालेला असेल तर अख्ख्या वर्षासाठी तुम्ही अविवाहित. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांची केस पुण्याच्या किंवा वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात चालू असते, तारखांवर तारखा पडत असतात आणि इथे एप्रिल येऊन ठेपतो. अशांना वाटतं, आदेश हातात नाही म्हणजे काहीच करता येत नाही. तसं नाही.

वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार तुमच्या घरात राहिलेला नसेल, घरखर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग तुम्ही उचलला असेल, मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ त्या घरात राहिलं असेल आणि तुम्ही वेगळं रिटर्न भरत असाल, तर लग्न कागदावर शाबूत असतानाही आयआरएस तुम्हाला अविवाहित धरतं आणि हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्यानं घर चालवणाऱ्याचं, कमी टॅक्सचं स्टेटस) म्हणून रिटर्न भरू देतं. मात्र मूल तुमचं डिपेंडंट असायला हवं, किंवा नसलं तर ते फक्त क्लेम दुसऱ्याला देणाऱ्या फॉर्म ८३३२ वर तुम्ही सही केल्यामुळे असावं. या फॉर्मबद्दल पुढे येईलच. सहा महिने म्हणजे १ जुलैपासून ३१ डिसेंबर. जोडीदार ऑगस्टमध्ये बाहेर पडला असेल तर त्या वर्षी हे जमणार नाही. लीज, वीजबिल, त्याचा नवा पत्ता दाखवणारं एखादं पत्र जपून ठेवा.

पायरी ३: मूल नियमात बसतं का, आणि त्याच्याकडे कुठला नंबर आहे

वयाचं थोडक्यात: वर्षाअखेर १९ च्या आतलं, किंवा फुल-टाइम शिकत असेल तर २४ च्या आतलं. कायमचं अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. मुलानं स्वतःच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग स्वतः उचललेला नसावा. बहुतेक घरांत हे आपोआप पूर्ण होतं.

खरी अडचण नंबरची असते. चाइल्ड टॅक्स क्रेडिट (टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम) २०२५ च्या रिटर्नवर मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. त्यासाठी मूल वर्षाअखेर १७ च्या आतलं हवं आणि त्याच्याकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, तोही रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला. २०२५ पासून क्लेम करणाऱ्या पालकाकडेही असा नंबर असणं सक्तीचं झालं आहे. भारतात जन्मलेलं, एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेलं मूल असेल तर त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आयटीआयएन हा फक्त टॅक्ससाठीचा नंबर काढावा लागतो. त्या मुलावर २,२०० नाही, ५०० डॉलरचं क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स मिळतं. एकाच घरात थोरला औरंगाबादला जन्मलेला आणि धाकटी इथे एडिसनला, असं असेल तर दोन भावंडांची रक्कम वेगवेगळी येते, आणि घटस्फोटाच्या वाटाघाटीत "एक मूल तुझ्या रिटर्नवर, एक माझ्या" असं ठरवताना ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. ते समान वाटप नसतं. आयटीआयएनसाठी फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नसोबत जातो, त्याला वेळ लागतो, म्हणून मार्चपर्यंत थांबू नका.

आणखी एक. घटस्फोटानंतर मूल कायमचं भारतात पाठवलं असेल आणि ते ना अमेरिकन नागरिक ना इथलं रहिवासी, तर ते डिपेंडंट होत नाही, तुम्ही दरमहा कितीही पैसे पाठवा. मूल अमेरिकन नागरिक असेल पण वर्षातला बहुतेक काळ आईजवळ नाशिकला राहत असेल, तर इथे राहणाऱ्या वडिलांना ते आपोआप दाखवता येत नाही. रात्री आईकडे आहेत.

पायरी ४: काय देता येतं आणि काय देता येत नाही

या लेखातलं एवढंच वाचायचं असेल तर हे वाचा. कस्टोडियल पालक हवं तर मुलाचा क्लेम दुसऱ्याला देऊ शकतो. पण सगळा नाही. दोन गठ्ठे आहेत.

दुसऱ्याला देता येतं ते: चाइल्ड टॅक्स क्रेडिट, ते बसत नसेल तर ५०० डॉलरचं क्रेडिट. कॉलेजच्या फीवरचं क्रेडिटही, ज्याच्या रिटर्नवर मूल डिपेंडंट आहे त्याच्याच मागे जातं.

कस्टोडियल पालकाकडेच राहतं ते: हेड ऑफ हाउसहोल्ड हे स्टेटस, कमी पगारवाल्यांसाठीचं अर्न्ड इन्कम क्रेडिट, डेकेअरच्या खर्चावरचं क्रेडिट, आणि नोकरीतून मिळणारी डिपेंडंट केअर एफएसएची (मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी टॅक्सआधीच बाजूला काढलेल्या पगाराची) सवलत. कोर्टानं काहीही लिहू दे, दोघांनी आपसांत काहीही ठरवू दे, या चार गोष्टी रात्रींच्या मागे जातात.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. वडिलांच्या हातात सही केलेला फॉर्म असतो, म्हणून ते हेड ऑफ हाउसहोल्डवरही टिक करतात. ते चूक आहे. आणि आईला वाटतं, मूल यंदा त्याच्या रिटर्नवर गेलं, म्हणजे मी आता सिंगल. हे त्याहून महाग पडतं.

आकड्यांत बघू. एका आईचा २०२५ चा पगार ६२,००० डॉलर, मूल आठ वर्षांचं. सिंगल म्हणून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, १५,७५०, हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून २३,६२५. सिंगल म्हणून तिचा टॅक्स साधारण ५,३१० डॉलर येतो आणि हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून साधारण ४,२६५. म्हणजे हजार डॉलरहून जास्त फरक, आणि तो मूल दुसऱ्याच्या रिटर्नवर गेल्यावरही तिचाच. शिवाय शाळेनंतरच्या डेकेअरला ३,००० किंवा त्याहून जास्त खर्च असेल तर डेकेअर क्रेडिटच्या फॉर्म २४४१ वर आणखी ६०० डॉलर. मूल १३ च्या आतलं हवं, इतकंच. लायब्ररीत माझ्यासमोर बसलेल्या किती बायकांनी हे हजार-सोळाशे दर वर्षी सोडून दिलेले मी पाहिलेत. पगार कमी असेल तर नुकसान याहून मोठं असतं, कारण अर्न्ड इन्कम क्रेडिट एका मुलामागे २०२५ साठी ४,३२८ डॉलरपर्यंत जातं.

आता दुसरी बाजू. आयटीतल्या बऱ्याच जणांचा पगार आणि शेअर मिळून आकडा मोठा होतो. एकट्या माणसाचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की चाइल्ड टॅक्स क्रेडिट दर हजारामागे ५० डॉलरनं घटतं. २ लाख ४४ हजारांवर एका मुलाचं क्रेडिट शून्य. अशा पालकाला "दर दुसऱ्या वर्षी मूल तुझ्याकडे" असं लिहून देणं म्हणजे दोघांपैकी कोणालाच काही न मिळणं. वकिलासमोर सही करण्याआधी दोघांच्या उत्पन्नावर हा हिशोब एकदा मांडून बघा. भांडण कितीही कडू असो, हा पैसा मुलाच्या नावानं येतो आणि तो कोणाच्या तरी घरी यावा.

पायरी ५: फॉर्म ८३३२

क्लेम द्यायचा ठरलाच तर तो या एका पानाच्या फॉर्मवर सही करूनच देता येतो. सही कस्टोडियल पालकाची. नॉन-कस्टोडियल पालक तो आपल्या रिटर्नला जोडतो. प्रत्येक मुलासाठी वेगळा फॉर्म. २००८ नंतरच्या घटस्फोटात कोर्टाच्या आदेशाची पानं याऐवजी जोडता येत नाहीत. "जजसाहेबांनी लिहून दिलंय" हे वाक्य आयआरएससमोर चालत नाही.

फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिला फक्त चालू वर्षासाठी. दुसरा पुढच्या वर्षांसाठी, त्यात वर्षं लिहायची किंवा "सर्व पुढची वर्षं" असं लिहायचं. तिसरा, दिलेला क्लेम मागे घेण्यासाठी. माझं स्पष्ट मत असं की पहिल्याच भागावर, एका वेळी एकाच वर्षासाठी सही करावी. दुसऱ्या भागावर सही करून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण दर वर्षी त्या माणसाशी बोलावं लागणार नाही असं वाटतं. पण तीन वर्षांनी वेळापत्रक बदललं, चाइल्ड सपोर्ट थकला, तर तो कागद त्याच्याकडे असतो. मागे घेता येतो, पण लगेच नाही: २०२६ मध्ये तिसरा भाग भरून समोरच्याला कळवलंत तर तो २०२७ च्या वर्षापासून लागू होतो. कळवल्याचा पुरावा राहील असं रजिस्टर्ड पत्र पाठवा.

आदेशात "सम वर्षी आई, विषम वर्षी बाबा" असं लिहिलेलं असतं आणि मग फेब्रुवारी २०२६ मध्ये दोघंही म्हणतात, यंदा माझी पाळी. सम-विषम टॅक्सच्या वर्षावरून मोजायचं की रिटर्न भरण्याच्या? २०२६ मध्ये भरतो ते रिटर्न २०२५ चं असतं. वकिलाला आदेशात "टॅक्स वर्ष" हे शब्द घालायला सांगा. सही केलेला फॉर्म कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा तेही लिहून घ्या, ३१ जानेवारी किंवा १५ फेब्रुवारी. चाइल्ड सपोर्ट चुकता असेल तरच सही करायची, अशी अट घालता येते. पण ती अट आदेशात, फॉर्मवर नाही.

आदेशाप्रमाणे पाळी तुमची आणि समोरचा सही करत नाही, तर? आयआरएस मध्ये पडत नाही. ज्या राज्याच्या फॅमिली कोर्टानं आदेश दिला त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. फॉर्म हातात नसताना "आदेश माझ्या बाजूनं आहे ना" म्हणून मूल दाखवू नका.

ई-फाइल करत असाल तर सही केलेला ८३३२ पीडीएफ म्हणून जोडा, किंवा फॉर्म ८४५३ (ई-फाइलचे कागद पाठवायचा फॉर्म) सोबत टपालानं पाठवा.

पायरी ६: रिटर्न परत आलं तर

दोघांनी एकच मूल दाखवलं की पहिलं ई-फाइल स्वीकारलं जातं, दुसरं परत येतं. म्हणजे जो आधी भरतो तो बरोबर, असं अजिबात नाही. घाबरून मुलाचं नाव काढून टाकू नका. मी काढलं होतं.

रात्री तुमच्याकडे असतील आणि तुम्ही ८३३२ वर सही केलेली नसेल, तर रिटर्न जसंच्या तसं, मुलासकट, कागदावर छापून सही करून टपालानं पाठवा. आता याहून सोपी वाट आहे: आयआरएसच्या वेबसाइटवरून आयपी पिन नावाचा सहा आकडी नंबर घ्या. २०२५ च्या फायलिंग सीझनपासून हा पिन घातलेलं रिटर्न, मूल आधी कोणी दाखवलेलं असलं तरी, ई-फाइलनं घेतलं जातं. मुलाच्या नावानंही असा पिन मागता येतो. तो असला की तुमच्याकडून नंबर घेतल्याशिवाय दुसऱ्याला मूल ई-फाइलमध्ये दाखवता येत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाचं पत्र येऊ शकतं. तुमचा क्लेम बरोबर असेल तर त्या पत्राला काहीही करायचं नसतं. चुकीचा असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करायचा. दोघंही हटले नाहीत तर पुढचं पत्र कागदपत्रं मागणारं असतं. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईनं खोटा क्लेम केल्याचं ठरलं तर पैसे व्याजासह परत तर जातातच, पुढची दोन वर्षं हे क्रेडिट बंद होतं. फसवणूक ठरली तर दहा वर्षं. हे मी धमकी म्हणून सांगत नाही. "आयआरएस थोडंच तपासणारे" असं म्हणून चुकीच्या चौकोनात टिक करणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ७: कागद आधीच जमवा

मूल तुमच्याकडे राहतं याचा पुरावा म्हणून शाळेचं पत्र सगळ्यात वजनदार. लेटरहेडवर मुलाचं नाव, तुमचं नाव, तुमचा पत्ता आणि तारखा हव्यात. इथे एक खाच आहे. टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि शाळेचं सप्टेंबर ते जून. म्हणून २०२५ दाखवायला शाळेची दोन वर्षं लागतात, २०२४-२५ आणि २०२५-२६. एकच पत्र पाठवलं की अर्धं वर्ष कोरं राहतं. शाळेच्या ऑफिसात जूनमध्येच मागून घ्या, मार्चमध्ये मागितलंत तर त्यांनाही जुनं शोधावं लागतं.

शाळेत मुलाचा मुख्य पत्ता कोणाचा नोंदवलाय ते आजच पाहा. एका आईकडे वर्षभराच्या रात्री होत्या, पण शाळेत जुन्या, वडिलांच्या घराचा पत्ता तसाच राहिला होता. मुलांच्या डॉक्टरांच्या नोंदी, डेकेअरची पावती, लीजवर लिहिलेलं मुलाचं नाव, हे सगळं त्याच पत्त्याशी जुळायला हवं. कॉलेजात हॉस्टेलवर राहणारं मूल घराबाहेर तात्पुरतं आहे असं धरतात. पण मूल १८ चं होतं त्या वर्षी राज्याच्या कायद्यानुसार गणित बदलू शकतं, तेव्हा त्या एका वर्षी तरी जाणकार सीपीएला (परवानाधारक अकाउंटंटला) दाखवून घ्या.

चाइल्ड सपोर्ट देणाऱ्याला त्याची वजावट नाही, घेणाऱ्याला त्यावर टॅक्स नाही. २०१८ नंतरच्या घटस्फोटात पोटगीचंही तसंच. त्यामुळे "मी दरमहा देतो, मग मूल माझ्या रिटर्नवर" या वाक्याला आधार नाही, आणि "त्यानं सपोर्ट दिला नाही म्हणून क्लेम माझा" यालाही नाही. राज्याचं रिटर्न वेगळं तपासा. न्यू जर्सीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलामागे, ८०,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला, १,००० डॉलरपर्यंतचं राज्याचं स्वतंत्र क्रेडिट आहे आणि ते विसरून राहतं.

ऑफिसात नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरा. जॉइंट असतानाचा जुना तसाच राहिला आणि त्यात मुलाचं क्रेडिट धरलेलं असलं, तर वर्षभर पगारातून टॅक्स कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये एकदम भरायला लागतो. ज्या वर्षी क्लेम समोरच्याकडे आहे, त्या वर्षी तिसऱ्या स्टेपमधून मूल काढा, पण वरच्या चौकोनात हेड ऑफ हाउसहोल्ड तसंच ठेवा.

आणि जानेवारीत नवं कालनिर्णय लावलं की जुनं रद्दीत टाकू नका. बारा पानं, प्रत्येक पानाखाली बेरीज, त्यातच शाळेची दोन पत्रं आणि ८३३२ ची प्रत, असं एका पाकिटात घालून वर टॅक्स वर्ष लिहा. रिटर्न भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षं ते पाकीट घरात असू द्या.